मधला शनिवार: बौशर, केडगाव, मस्कत

तुम्ही ओमानमध्ये राहत असाल, किंवा तुमचं कुणी इथे असेल, तर एक गोष्ट लक्षात आली असेल. इथे आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार असते. मे २०१३ पर्यंत ती गुरुवार-शुक्रवार होती. आता याचा ख्रिस्ती माणसाच्या बाजूने विचार करा. गुड फ्रायडेला रजा टाकावी लागत नाही. दुसऱ्या दिवशीचा शनिवारही आयता मोकळा मिळतो. आणि ज्या दिवसासाठी चाळीस दिवस उपवास केला, तो ईस्टरचा रविवार मात्र कामाचा. सकाळी ऑफिस, शाळा, साइट. (दुबईवाल्यांचं बरं आहे, २०२२ पासून त्यांना रविवारची सुट्टी मिळते.)

सध्या माझा मुक्काम मस्कतच्या बौशर विलायतीत आहे. विलायत म्हणजे इथे साधारण आपला तालुका. माझ्या आजीच्या मराठीत विलायत म्हणजे लंडन, त्यामुळे पहिले काही दिवस पत्ता लिहिताना मला हसू यायचं. बौशर म्हणजे एकीकडे वाळूच्या टेकड्या, एकीकडे २००१ मध्ये उघडलेली सुलतान काबूस मशीद, आणि मध्ये घाला नावाचा भाग, जिथे सुलतान काबूस यांनी दिलेल्या जमिनीवर कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चेस जवळजवळ उभी आहेत. तिथे इंग्रजी, मल्याळम, तमिळ, कोकणी, अरबी, फिलिपिनो अशा कितीतरी भाषा कानावर पडतात. मल्याळममध्ये गुड फ्रायडेला ‘दुःखवेळ्ळी’ म्हणतात आणि पुढच्या दिवसाला ‘दुःखशनी’. आपल्याकडे ‘उत्तम शुक्रवार’ आहे, ईस्टर आहे, पण मधल्या दिवसाचं घरगुती नाव काही केल्या आठवत नाही. ‘पवित्र शनिवार’ म्हणतात खरं, पण तो शब्द पुस्तकातून आलाय हे ऐकताक्षणी कळतं.

आजचा लेख या मधल्या दिवसाबद्दल आहे. मी ख्रिस्ती घरात वाढलेली नाही. इतिहासकार म्हणून मला प्रश्न पडतो तो असा, की ज्या धर्माचा सगळा डोलारा एका मृत्यूवर आणि एका पुनरुत्थानावर उभा आहे, त्या धर्माच्या मराठी माणसांनी या दोहोंच्या मधल्या काळाचं काय केलं? कारण खरं सांगायचं तर बहुतेक माणसांचं बहुतेक आयुष्य त्या मधल्या काळातच जातं.

आधी मूळ गोष्ट पाहू. चारही शुभवर्तमानांत शुक्रवारचं वर्णन तासातासाचं आहे. रविवारच्या पहाटेवरही बरंच आहे. शनिवारी मात्र लेखक जवळजवळ गप्प. लूक एका वाक्यात सांगतो की बायकांनी नियमाप्रमाणे शब्बाथाच्या दिवशी विश्रांती घेतली. मत्तय त्या दिवशीचा एकच प्रसंग देतो, आणि त्यात शिष्य नाहीतच. त्यात मुख्य याजक आणि परूशी पिलाताकडे जातात, कबरीवर पहारा बसवा म्हणतात, दगडावर शिक्का मारून घेतात. म्हणजे त्या दिवशी कामात असलेले लोक कोण, तर कबर बंदच राहावी अशी इच्छा असलेले.

आणि बायका? लूक म्हणतो, त्यांनी सुगंधी द्रव्यं आधीच तयार करून ठेवली होती. मार्क म्हणतो, शब्बाथ संपल्यावर विकत घेतली. तपशील जुळत नाही, पण एका बाबतीत दोघांचं एकमत आहे. ही द्रव्यं प्रेताला लावायची होती. कुणी उठून येणार आहे या अपेक्षेने त्या निघालेल्या नव्हत्या. राहिलेलं एक काम पुरं करायचं होतं, एवढंच. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. आपण ‘आशा’ म्हणतो तेव्हा एक भावना डोळ्यांसमोर येते, मनाला उभारी वगैरे. या बायकांकडे तशी भावना असल्याचा काहीच पुरावा नाही. त्यांच्याकडे एक काम होतं.

भाषेतही थोडं डोकावू. हिब्रूमध्ये ‘कावा’ हे एकच क्रियापद वाट पाहणं आणि आशा धरणं या दोन्हींसाठी येतं. पोर्तुगीजमधलं ‘एस्पेरार’ही तसंच, वाट पाहा किंवा आशा करा, शब्द एकच. मराठीत मात्र हे दोन वेगळे आहेत. आशा धरायची असते आणि वाट पाहायची असते. आशा मुठीत असते, वाट डोळ्यांसमोर. वाट पाहणारा माणूस काहीच धरून बसलेला नसतो, तो फक्त रस्त्याकडे बघत असतो. त्यामुळे मराठीत आशा सोडूनही वाट पाहता येते. हिब्रूत ते कसं म्हणायचं, मला प्रश्नच आहे.

चर्चलाही हा दिवस नीट पेललेला नाही, बरं का. ईस्टरची जागर-उपासना मुळात शनिवारच्या रात्रीची. पण पश्चिमेकडच्या चर्चमध्ये ती शतकानुशतकं हळूहळू मागे सरकत गेली आणि शेवटी शनिवारी सकाळीच होऊ लागली. म्हणजे लख्ख उन्हात मेणबत्ती पेटवायची आणि रात्रीच्या अंधाराबद्दल प्रार्थना म्हणायची! दुपारपर्यंत घंटा वाजलेल्या, उपवास सुटलेला. पोर्तुगीज लोक त्या दिवसाला ‘साबादो द आलेलुइया’ म्हणत, म्हणजे आनंदाचा शनिवार. वसई आणि गोव्याच्या चर्चेसची उपासनापद्धती हीच. पोप पायस बारावे यांनी १९५१ मध्ये रात्रीची उपासना प्रयोग म्हणून परत आणली, आणि १९५५ च्या आदेशाने १९५६ पासून ती सगळीकडे लागू झाली. तुमच्या ओळखीत वसईच्या कुणी नव्वदीच्या आजी असतील तर त्यांना जरूर विचारा, लहानपणी ईस्टरच्या घंटा कधी वाजायच्या ते.

प्रोटेस्टंटांची गोष्ट आणखी वेगळी. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनची पाळंमुळं न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेत होती, आणि त्या परंपरेला मुळात सणवारांचंच वावडं. तिथे शनिवारला कोण विचारतो! पूर्वेकडच्या चर्चेसनी मात्र हा दिवस रिकामा मानला नाही. त्यांच्या चित्रांत ख्रिस्त या दिवशी मृतांच्या लोकात उतरतो आणि आदाम-हव्वेला मनगट धरून वर ओढतो.

म्हणजे कुणी हा दिवस गडबडीने उरकला, कुणी वगळला, कुणी भरून टाकला. मोकळा ठेवला असं क्वचितच झालं. विसाव्या शतकात, दोन महायुद्धांनंतर, युरोपातले विचारवंत पुन्हा त्याच्याकडे वळले. जॉर्ज स्टाइनरने १९८९ च्या ‘रिअल प्रेझेन्सेस’च्या शेवटी म्हटलं की आपण सगळे एका लांबलचक शनिवारात राहतो, आणि कला, संगीत, कविता या सगळ्या त्या शनिवारच्या गोष्टी आहेत. सुंदर कल्पना आहे. पण स्टाइनरचा शनिवार मला जरा दिवाणखान्यातला वाटतो. मराठीत तो शोधायचा तर छापखान्यात जावं लागेल, पुण्याजवळ केडगावला.

पंडिता रमाबाई तुम्हाला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतील. विधवांसाठी शारदा सदन, स्त्रीशिक्षण, टिळकांशी वाद. पुस्तकातला धडा साधारण १८९० च्या आसपास संपतो. त्यांच्या आयुष्यातल्या मृत्यूंची यादी मात्र सलग क्वचितच कुणी लिहितं, म्हणून लिहिते. १८५८ चा जन्म. १८७४ च्या सुमाराला दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, मग काही आठवड्यांत आई, मग थोरली बहीण. उरलेले दोघं, रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास, पायी भारतभर फिरले. १८८० च्या मे महिन्यात ढाक्याला भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली, मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने नवरा गेला. आठ वर्षांत सगळं घर संपलं. वय तेवीस, आणि कडेवर दहा महिन्यांचं मूल.

पुढे १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेज इथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी धर्म का बदलला यावर ढीगभर लिहिलं गेलंय, त्यात मी शिरत नाही. पण मृत्यूनंतर काय, हा प्रश्न त्यांच्यासाठी तात्त्विक चर्चेचा नव्हता एवढं ध्यानात ठेवा.

केडगावला त्यांनी मुक्ती सदन उभं केलं. १८९६-९७ च्या आणि मग १९०० च्या दुष्काळातून शेकडो मुली, बायका तिथे आल्या. सगळ्यात गजबजलेल्या काळात तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात होती. शेती, विणकाम, शाळा आणि स्वतःचा छापखाना. आणि १९०५ च्या आगेमागे रमाबाईंनी एक अचाट काम हाती घेतलं, ते म्हणजे सबंध बायबलचं मराठी भाषांतर, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. मराठीत बायबल आधी होतंच. विल्यम केरीच्या बंगालमधल्या श्रीरामपूर छापखान्यातून नवा करार १८११ मध्येच निघाला होता, नंतर मुंबईच्या मिशनऱ्यांची भाषांतरं आली. रमाबाईंचा आक्षेप भाषेला होता. त्यांच्या मते ती मराठी पंडिती होती, संस्कृत शब्दांनी जड झालेली आणि त्या शब्दांसोबत येणाऱ्या जुन्या अर्थांनी भरलेली. केडगावची दुष्काळातून आलेली, नुकतीच वाचायला शिकलेली बाई ते वाचून काय समजणार? गंमत पाहा, संस्कृतमुळे जिला कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं गेलं, तीच बाई आता संस्कृत शब्द वेचून बाजूला काढत होती.

हे काम सुमारे अठरा वर्षं चाललं. खिळे जुळवणाऱ्या, छपाई करणाऱ्या, बांधणी करणाऱ्या तिथल्याच बायका. मनोरमाबाई आईच्या उजव्या हात होत्या. अमेरिकेत शिकून आलेल्या, शाळा सांभाळणाऱ्या, आईनंतर मुक्तीचा कारभार त्यांच्याकडेच जाणार हे सगळ्यांनी धरून चाललेलं. २४ जुलै १९२१ ला मनोरमाबाई गेल्या. वय चाळीस. तो दिवस रविवार होता.

आता इथे थांबूया, कारण इथे चरित्रकार थांबत नाहीत. बहुतेक चरित्रांत मनोरमाच्या मृत्यूचं एक वाक्य येतं आणि लगेच पुढचा प्रसंग. तो मुक्ती मिशनच्या परंपरेत भक्तीने सांगितला जातो. रमाबाई आजारी पडल्या, बायबलची शेवटची प्रुफं तपासायची राहिली होती, त्यांनी देवाकडे दहा दिवस मागून घेतले, आणि दहाव्या दिवशी काम पुरं करून डोळे मिटले. ५ एप्रिल १९२२.

ही गोष्ट खोटी ठरवायचा माझा हेतू नाही. पण तिचा आकार बघा. ती शुक्रवारवरून थेट रविवारी उडी मारते. दहा दिवस, काम पूर्ण, मुकुट. मधले साडेआठ महिने गेले कुठे? जुलै ते एप्रिल. त्रेसष्ट वर्षांच्या, कानांनी जवळजवळ अधू झालेल्या बाईने, आठ वर्षांत सगळं घर गमावल्यावर जे एक माणूस उरलं होतं तेही गेल्यावर, सकाळी उठून टेबलाशी बसायचं. समोर ओला कागद. एका हातात लेखणी. काना राहिला, मात्रा चुकली, ओळ खाली सरकली. दुसरं पान. प्रुफं तपासण्याइतकं कंटाळवाणं काम जगात थोडंच असेल. पीएचडीचा प्रबंध दिलेल्या कुणालाही विचारा. ज्यांना त्यांनी ‘हे सगळं सांभाळ’ म्हटलं असतं ती व्यक्ती आता नाही. पुस्तक छापून झालेलं आपल्याला पाहायला मिळेल की नाही याची खात्री नाही. आणि ज्या ग्रंथाचं प्रूफ हातात आहे त्यात मृतांच्या उठण्याबद्दल पानंच्या पानं लिहिलेली. ती वाचताना त्यांना काय वाटलं असेल? कदाचित तेव्हा त्या फक्त जोडाक्षरं तपासत असतील. मला ही शक्यता जास्त खरी वाटते, आणि त्यामुळे त्यांच्याबद्दलचा आदर काही कमी होत नाही, उलट वाढतो.

१९२२ मध्ये ईस्टर १६ एप्रिलला होता. म्हणजे त्या गेल्या तेव्हा उपवासाचेच दिवस चालू होते, ईस्टर अकरा दिवसांवर. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं.

रमाबाईंना समाजसुधारक म्हणून शिकवणारी पुस्तकं ही शेवटची वर्षं वगळतात, कारण त्यांत ‘सुधारणा’ दिसत नाही. संत म्हणून सांगणारी पुस्तकं त्यांवरून धावत जातात, कारण शेवट गोड आहे. दोन्हींना शनिवार नको असतो. माझी तक्रार एवढीच.

आता पुन्हा समुद्राकडे येऊया, कारण मराठी मुलखाचा आणि मस्कतचा रस्ता तुम्हाला वाटतो त्याहून जुना आहे. १८११ मध्ये हेन्री मार्टिन नावाचा तरुण इंग्रज पाद्री मुंबईहून जहाजाने मस्कतला उतरला आणि पुढे इराणला गेला. दुसऱ्याच वर्षी तुर्कस्तानात तोकात इथे वारला. पुढे आगबोटी सुरू झाल्यावर मुंबई, कराची, मस्कत आणि आखातातली बंदरं ही एकाच मार्गावर आली. ओमानमध्ये १९७० पर्यंत रुपया चालायचा, हेही जाता जाता.

१८९१ च्या फेब्रुवारीत मस्कतला टॉमस व्हॅल्पी फ्रेंच आले. लाहोरचे पहिले अँग्लिकन बिशप, पद सोडून आलेले, वय सहासष्ट. हे तेच फ्रेंच, ज्यांनी १८५७ मध्ये आग्र्याच्या किल्ल्यात भारतीय ख्रिस्ती लोकांना आत घेतलं जात नाही म्हटल्यावर, मग मीही बाहेरच थांबतो असा हट्ट धरला होता. मस्कतमध्ये त्यांना हाताशी फारसं कुणी नव्हतं. मे महिन्याच्या उन्हात ते बोटीने सीबला निघाले. मस्कतहून सीबला समुद्रामार्गे जायचं तर कुरुम, घुब्रा, अझैबा असा किनारा डावीकडे ठेवत जावं लागतं, म्हणजे आजच्या बौशरच्या समोरून. सीबला उन्हाने ते कोसळले. परत मस्कतला आणलं, १४ मेला गेले. कामाचं फळ म्हणावं असं काहीही हाती नव्हतं. मस्कतजवळ डोंगरांनी वेढलेल्या एका लहानशा खाडीत, जिथे पूर्वापार बोटीनेच जावं लागायचं, खलाशांच्या कबरींशेजारी त्यांना पुरलं.

मिशनऱ्यांच्या इतिहासाकडे मी सरसकट प्रेमाने बघत नाही; साम्राज्याची बोट आणि धर्माची बोट बऱ्याचदा एकाच धक्क्याला लागायची. पण त्या खाडीतल्या कबरी बघताना साम्राज्य फारसं दिसत नाही. दिसतं ते अपुरेपण. फ्रेंचनंतर अमेरिकन अरेबियन मिशनचे पीटर झ्वेमर १८९३ मध्ये आले, गुलामांच्या होड्यांतून सुटलेल्या अठरा मुलांना सांभाळलं, शिकवलं, आजारी पडले आणि १८९८ मध्ये न्यूयॉर्कला गेले ते संपलेच. त्यांच्या जागी आलेले जॉर्ज स्टोन पुढच्याच उन्हाळ्यात वारले. मग मत्राहला डॉक्टर शॅरन थॉम्स आले. १९१३ च्या जानेवारीत टेलिफोनची तार ओढताना खांबावरून पडून त्यांचा जीव गेला. पुनरुत्थानावर प्रवचन देणारा माणूस टेलिफोनच्या खांबावरून पडतो, याचा अर्थ कुठल्या धर्मशास्त्राने लावायचा?

त्यांचा मुलगा वेल्स तेव्हा लहान होता. तोही डॉक्टर झाला आणि १९३९ मध्ये मत्राहला आला, वडिलांच्याच गावी. १९७० पर्यंत राहिला. त्या तीसेक वर्षांत सगळ्या ओमानमध्ये आधुनिक दवाखाने बोटांवर मोजण्याइतके होते, आणि त्यातला एक हा. १९१३ आणि १९३९ यांच्यामध्ये सव्वीस वर्षं आहेत. इतिहासाच्या पुस्तकात ती एका स्वल्पविरामात बसतात.

तुम्ही म्हणाल, हे सगळे मिशनरी आणि पंडिता, आमचा काय संबंध? तर परदेशात राहणाऱ्या माणसाला या शनिवारची ओळख करून द्यावी लागत नाही, मग धर्म कुठलाही असो. फोन येतो. तिकडे सगळं उरकलेलंही असतं. तुम्ही व्हिडिओवर पाहिलेलं असतं किंवा तेही नाही. इकडे कुणी भेटायला येत नाही, कारण इकडे कुणी त्यांना ओळखतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडावा लागतो. सुतक पाळायला अंगण नसतं आणि रडायला माजघर नसतं. आणि आखातात उलटंही होतं. माणूस इथे जातो आणि वाट बघणारे तिकडे असतात. मग दवाखान्याचा दाखला, पोलिसांचा कागद, दूतावासाचं ना-हरकत पत्र, रद्द केलेला पासपोर्ट, एम्बाल्मिंग, कार्गोची जागा. हे सगळं पुरं करणारे लोक बहुधा नातेवाईक नसतात. रूममेट असतात, कंपनीतला पीआरओ असतो, कुठल्याशा मंडळाचा एखादा अनुभवी काका असतो. सुगंधी द्रव्यं घेऊन निघालेल्या त्या बायकांचं काम आज ही माणसं करतात असं मला वाटतं, आणि हे काम करणाऱ्यांत ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान सगळे असतात.

२०२० मध्ये तर हा शनिवार लांबतच गेला. मार्चच्या अखेरीस भारताने आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली. १२ एप्रिलला ईस्टर झाला तो बंद दारांआड. वंदे भारतची विमानं ७ मेला सुरू झाली. त्या मधल्या आठवड्यांत ज्यांच्या घरी कुणी गेलं, त्यांनी काय केलं याचा इतिहास अजून लिहिला गेलेला नाही. तुमच्यापैकी कुणी तेव्हाचे मेसेज, ऑडिओ नोट जपून ठेवल्या असतील तर कृपा करून पुसू नका. वीस वर्षांनी माझ्यासारखं कुणीतरी ते शोधत येईल.

पॉडकास्टच्या भागात वेळ संपला म्हणून एक गोष्ट राहून गेली होती, ती इथे सांगते. ती लक्ष्मीबाई टिळकांची. ‘स्मृतिचित्रे’ तुम्ही वाचलं नसेल तर वाचा. मराठीतलं सगळ्यात हसवणारं दुःखी पुस्तक आहे ते. नवरा, कवी नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई पाच वर्षं वेगळ्या राहिल्या. मग परत आल्या, १९०० मध्ये स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. ९ मे १९१९ ला मुंबईत टिळक गेले. पुढचा काही काळ लक्ष्मीबाई मुलाकडे, देवदत्तकडे, कराचीला होत्या, म्हणजे त्याच आगबोटीच्या मार्गावर. घर गेलेलं, गाव लांब, पन्नाशी उलटलेली, शाळेत कधी न गेलेली बाई.

टिळकांनी एक महाकाव्य सुरू केलं होतं, ‘ख्रिस्तायन’. ख्रिस्ताचं सगळं आयुष्य मराठी पद्यात सांगायचं असा बेत. सुमारे दहा अध्याय झाले आणि ते गेले. एवढ्या मोठ्या कवीची अपुरी राहिलेली कलाकृती म्हटली की आपल्याकडे काय करतात? हार घालतात, प्रस्तावना लिहितात आणि अपुरी तशीच छापतात. लक्ष्मीबाईंनी पुढचा अध्याय लिहायला घेतला. मग त्याच्या पुढचा. टिळकांची भाषा संस्कृत वळणाची, यांची स्वयंपाकघरातली. टिळक वृत्तात तयार, या कानाने लिहिणाऱ्या. जुळेल की नाही याची फार चिंता केलेली दिसत नाही. चौसष्ट अध्याय लिहिले. नवऱ्याने लिहिले त्याच्या सहापट. समीक्षकांनी या पुस्तकाकडे फारसं लक्ष दिलं नाही, आणि कविता म्हणून ‘स्मृतिचित्रे’च्या गद्यापुढे ते फिकं आहे, हे मलाही मान्य आहे. पण ज्या बाईला धड शाळा मिळाली नाही तिने मेलेल्या माणसाचं वाक्य जिथे तुटलं तिथून चौसष्ट अध्याय पुढे नेलं, हे फिकं म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

तेही पूर्ण झालं नाही. १९३६ च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा शेवटचा अध्याय राहिला होता. तो देवदत्तने लिहिला. १९३८ मध्ये ‘ख्रिस्तायन’ छापून आलं. तेव्हा टिळकांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, लक्ष्मीबाईंना दोन.